युद्धाने मोडलेल्या देशात पाणी-वीज उभारायला जावं का? गोव्यातून कुणी गेलंय?

वाहतं पाणी (सोमवार, रात्री १०.१२)

नमस्कार मंडळी. सहा वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी फोंड्याची, वय ५१. पाणीपुरवठ्याच्या कामात २६ वर्षं काढली. नदीवरचे पंप, तुरटीचा डोस, क्लोरीन, जमिनीखालच्या वाहिन्या, आणि मृगात नदी तांबडी झाली की रात्री-अपरात्री येणारे फोन. गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता एका आंतरराष्ट्रीय संस्थेने विचारलंय: दक्षिण सुदानात मलकालजवळ नऊ महिने, स्वयंसेवक म्हणून. जेवण, राहणं, विमान आणि थोडा निर्वाहभत्ता. पगार नाही.

दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र झाला आणि २०१३ च्या डिसेंबरात तिथे यादवी पेटली. मलकाल कितीदा या बाजूकडून त्या बाजूकडे गेलं याची मोजदाद नाही. २०१८ मध्ये शांतता करार झाला, पण २०२३ पासून शेजारच्या सुदानात युद्ध चालू आहे आणि तिथून पळालेली माणसं याच वाटेने येतात. काम श्वेत नाईलचं पाणी उपसून, निवळून, क्लोरीन घालून टाक्यांपर्यंत पोचवायचं. म्हणजे मी आयुष्यभर केलं तेच. आपण इथे आखणी करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतो. तिथे किमान १५ लिटर मिळावं असं मानक आहे आणि २५० माणसांमागे एक नळ. हे आकडे वाचल्यापासून झोप लागत नाहीये.

घरी सासूबाई ८१ वर्षांच्या. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. मुलगा बंगळूरूहून रोज फोन करून "नको" म्हणतो. भीती मलाही वाटते. पण त्याहून जास्त छळणारा प्रश्न वेगळा आहे: नऊ महिन्यांत माझा खरंच उपयोग होईल का, की मीच त्यांना ओझं होईन? अनुभव असलेल्यांनी लिहा. खोटा धीर नको.

सोलकढी (रात्री १०.३१)

ताई, वाचतेय. जायचं ठरलं तर आमसुलं माझ्याकडून, दोन किलो!

तारवटी (रात्री ११.०५)

मी कुठ्ठाळीचा, ३१ वर्षं जहाजावर. अनुभव माझा नाही, पाईचा (वडिलांचा) सांगतो.

पाय १९९० मध्ये कुवेतला होता, वर्कशॉपमध्ये. २ ऑगस्टला इराकी फौज आत शिरली. सव्वा महिना घरात पत्ता नाही. तेव्हा आमच्या वाड्यावरचे चार जण तिथे होते आणि चारही घरांत रोज संध्याकाळी एकच प्रश्न. शेवटी ते बसने बगदाद, तिथून अम्मान आणि एअर इंडियाच्या विमानाने मुंबई असे आले. १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीय असे बाहेर काढले होते. पाय एका पिशवीनिशी आला.

त्याला तुमचा धागा आता वाचून दाखवला. वय ७९. म्हणाला, आमच्यावर युद्ध येऊन पडलं, ही बाय आपण होऊन चाललीय, तिला विचार की परतीची वाट कुणाच्या हातात आहे. गाडी सुटायची वेळ आली तर कोण ठरवणार? रस्ता कुठला? हे लेखी माग. २०१६ च्या जुलैत जुबात गोळीबार सुरू झाला तेव्हा भारताने हवाई दलाची विमानं पाठवून माणसं आणली होती. पण विमान जुबाला येतं. मलकालहून जुबापर्यंत तुम्हाला कोण आणणार?

सत्तरीकर (मंगळवार, सकाळी ७.४०)

मी विरोधात लिहितोय, राग मानू नका.

आमच्या वाड्यावर मार्च संपला की टँकर. गोव्याला पाणी देणारी म्हादई आमच्या तालुक्यातून वाहते आणि आमची माणसं कळशा घेऊन उभी. २६ वर्षं सरकारी पैशाने शिकलेला हात साडेचार हजार किलोमीटरवर का जावा? इथे या. मी झऱ्यांच्या जागा दाखवतो, राहण्याची सोय करतो, जेवण आईच्या हातचं. युद्ध नाही म्हणून आमची तहान कमी होत नाही.

वाहतं पाणी (सकाळी ९.२०)

@सत्तरीकर, भाऊ, राग नाही. तुमचं म्हणणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तुमच्या तालुक्यात मी तीन वर्षं होते. तिथे काय करायला हवं ते माहीत असलेले माझ्यासारखे पन्नास जण आज नोकरीत आहेत. मलकालमध्ये तसे किती उरलेत ते ठाऊक नाही, प्रश्न तिथून सुरू होतो. पण आमंत्रण मी स्वीकारलंय. या रविवारी येऊ? झरे मोजायला बादली आणि घड्याळ पुरतं.

बांबोळीचा भूलतज्ज्ञ (दुपारी २.४८)

मी सहा महिने बंगीला होतो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात. पणजीत हौसेने फ्रेंच शिकलो होतो म्हणून निवड झाली, हे आधी सांगतो. भाषेला तिथे पदवीइतकंच वजन असतं.

डॉक्टरच लागतात असा समज आहे. आमच्या गटात निम्मे लोक वैद्यकीय नव्हते. इलेक्ट्रिशियन, गोदाम सांभाळणारा, हिशेबनीस, गाड्यांचा मेकॅनिक, पाण्याची बाई. हो, पाण्याची बाईच होती, केनियाची. तिने पहिल्या आठवड्यात टाकीची उंची दोन मीटरने वाढवली आणि शस्त्रक्रियागृहाच्या नळाला दाब आला. तोवर आम्ही हात धुवायला माणूस तांब्या घेऊन उभा करायचो. ऑटोक्लेव्हला (अवजारं वाफेने निर्जंतुक करतात ते यंत्र) स्वच्छ पाणी, ऑक्सिजन कॉन्संट्रेटरला स्थिर वीज; या दोन गोष्टी नसल्या तर माझी विद्या केटामाईनच्या बाटलीशी संपते. (केटामाईन तिथलं मोठं भुलीचं औषध. रोग्याचा श्वास बहुधा चालू राहतो, रक्तदाब पडत नाही, भारी यंत्र लागत नाही.)

आता धोक्याबद्दल, कारण खोटा धीर नको म्हणालात. ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानात कुंडुझचं ट्रॉमा रुग्णालय अमेरिकन विमानाने भाजलं. ४२ माणसं गेली, रोगी, त्यांचे सोबती आणि कर्मचारी. रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश सगळ्या पक्षांना आधी दिलेले होते. छपरावरचं चिन्ह कवच असतं असं मानून जाऊ नका. आणि मेलेल्यांत बाहेरून आलेला स्वयंसेवक एकही नव्हता, कर्मचारी सगळे अफगाण होते. आपण नऊ महिन्यांनी घरी येतो, ते तिथलेच असतात. ही गोष्ट मला बंगीत रोज सकाळी आठवायची.

उपयोग होतो का? त्या टाकीमुळे किती जखमा चिघळल्या नाहीत याची यादी कुणाकडे नाही. मी म्हणेन, होतो.

रूळकरी (दुपारी ४.१५)

सगळेच आफ्रिकेबद्दल बोलताहेत, मी जवळचं सांगतो. मी सिग्नलच्या कामावर श्रीलंकेच्या उत्तरेत होतो. पुनर्बांधणीचं काम होतं, नावं मागितली तेव्हा आपण होऊन दिलं. पगार होता, त्यामुळे स्वयंसेवक म्हणवून घेत नाही.

यादवी २००९ मध्ये संपली. ओमंतईच्या पुढे रूळच नव्हते. लोखंड उचलून बंकरांना लावलेलं. ताडाची झाडं उभी होती पण शेंडे नव्हते, तोफगोळ्यांनी उडवलेले. पहिला नियम: लाल पाटीवर कवटी दिसली की पुढे पाऊल नाही, लघवीलासुद्धा रस्ता सोडायचा नाही. आधी सुरुंग काढणारे, मग मोजणीवाले, मग आम्ही. सुरुंग काढणाऱ्यांत आपले निवृत्त फौजी होते. उन्हात जाड जॅकेट घालून गुडघ्यावर बसून हातभर जमीन तपासायची, मग पुढची हातभर. त्यांना घाई करणारा एक अधिकारी आला होता, त्याला तिथल्या सुभेदाराने पाणी पाजून परत पाठवलं.

२०१४ च्या ऑक्टोबरात याळदेवी गाडी पुन्हा जाफन्याला गेली. २४ वर्षांनी. स्टेशनवर म्हातारी माणसं डब्याला हात लावून उभी होती, चढत नव्हती. मी तिथे रडलो, सांगायला लाज नाही.

पण मला जास्त शिकवलं घरांच्या योजनेने. भारताने उत्तर-पूर्वेला बांधून दिलेल्या बहुतेक घरांत पैसे हप्त्याने कुटुंबाच्या खात्यात जायचे, साडेपाच लाख श्रीलंकन रुपये, आणि घर त्यांनीच बांधायचं. पाया झाला की तांत्रिक माणूस बघणार, मग पुढचा हप्ता. विधवा बाया गवंड्याशी भाव करताना पाहिल्यात मी. खिडकी कुठे हवी ते त्या ठरवायच्या. बाहेरच्याने बांधून दिलेलं घर आणि हे घर, फरक दारातून आत गेलं की कळायचा. ताई, मलकालला पाणी कोण चालवणार ते आधी विचारा.

बाणावलीचो (सायंकाळी ५.०२)

अवांतर: @रूळकरी, मडूची लाईन पण तुम्हीच केली का? आमच्या बाणावलीत जन्मलेला जुझे वाझ साडेतीनशे वर्षांपूर्वी भिकाऱ्याच्या वेशात सिलोनला गेला. डचांनी कॅथलिक पाद्री बंद केले होते. कँडीच्या राजाने हेर समजून कोंडला. मग देवीची साथ आली तेव्हा राजधानी ओस पडली आणि हा मागे राहून रोग्यांची सेवा करत बसला. राजाने त्यानंतर मोकळीक दिली. १७११ मध्ये तिथेच गेला, २०१५ मध्ये कोलंबोत संत म्हणून घोषित झाला. गोव्यातून कुणी गेलंय का विचारता म्हणून लिहिलं.

रूळकरी (सायंकाळी ५.२०)

@बाणावलीचो, मडू रोड ते तलैमन्नार, हो, त्यावरही चार महिने होतो. मडूच्या माउलीला (तिथलं मारियेचं चर्च) तमिळ आणि सिंहली दोघेही येतात, हिंदू-बौद्धसुद्धा. आमच्या गँगमध्ये दोन्हीकडचे गडी होते, रविवारी एकाच ट्रकने जायचे. देवी म्हणजे रोग, हे नव्या मुलांसाठी सांगून ठेवा. :-)

माशेलची मीनल (रात्री ९.३७)

जाणाऱ्यांनी लिहिलं, मागे राहणारीने पण लिहू दे.

माझे हे वीजवाहिनीच्या कामावर अफगाणिस्तानात होते. पुल-ए-खुमरीहून काबूलला, सालंग खिंडीवरून. खिंड ३,८०० मीटरहून उंच, हिवाळ्यात बर्फाने काम बंद. मी तेव्हा तिसाव्या वर्षात, मुलगी दोन वर्षांची. ७ जुलै २००८ ला काबूलच्या आपल्या दूतावासावर स्फोट झाला. मी भाजी चिरत होते, शेजारच्या काकू टीव्ही लावा म्हणत आत आल्या. हे काबूलला नव्हते, मला ते माहीत होतं, तरी रात्री फोन लागेपर्यंत मी पाटावरून उठले नाही. भाजी तशीच.

सांगायचंय ते एवढंच की घरच्यांना भीती रोजची नसते, ती अशी अचानक येते. तेव्हा कुणाला फोन करायचा ते ठरलेलं असू दे. संस्थेच्या भारतातल्या माणसाचा नंबर, नाव, आणि तो रात्री उचलतो का, हे जाण्याआधी एकदा रात्री लावून बघा. मुलाकडे पण द्या, सासूबाईंच्या उशाशी मोठ्या अक्षरांत लावा.

२००९ मध्ये उझबेकिस्तानची वीज त्या वाहिनीवरून काबूलला पोचली. यांनी घरी फोन करून फक्त "लागली" म्हटलं. मी म्हटलं काय लागली? "वीज, गो." आता तिथे राज्य बदललं, माणसं बदलली. ह्यांना कुणी विचारलं की सगळं वाया गेलं ना, तर ते म्हणतात तारा अजून उभ्या आहेत. मला तेवढं पुरत नाही, खरं सांगते. त्या वर्षांत मुलीचं बोलणं त्यांनी फोनवर ऐकलं. पण मी पुन्हा त्यांना थांबवलं नसतं.

पोर्तुगीज शिकलेला म्हातारा (बुधवार, सकाळी ६.५५)

मी पणजीचा, मळ्यातला. वय ७६. लिसेवमध्ये (पोर्तुगीज हायस्कुलात) शिकलो, पुढे हिशेबखात्यात नोकरी केली. २००० मध्ये पूर्व तिमोरला दीड वर्ष होतो.

१९९९ च्या सार्वमतानंतर इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्यांनी तो देश जाळला होता. सुमारे ७० टक्के इमारती आणि सोयी गेल्या होत्या. कचेऱ्यांत कागद नव्हते, कारण कागद जाळण्यासाठीच आग लावली होती. पगारपत्रक करायचे तर कर्मचारी कोण, हेच ठाऊक नव्हते. आम्ही माणसांना रांगेत बसवून विचारत असू: तू कुठल्या शाळेत शिकवायचास, साक्षीला कोण? असे पहिले पत्रक तयार झाले. वीटकाम दिसते, हे काम दिसत नाही. पण पगार सुरू झाल्यावर शाळा उघडल्या.

मला घेतले होते पोर्तुगीज येते म्हणून. १८४४ पर्यंत तिमोरचा कारभार आमच्या गोव्यातूनच चालायचा. पण तिथे गेल्यावर कळले की माझे पोर्तुगीज पन्नाशीच्या पुढच्यांनाच समजते. तरुण मुले तेतुम आणि इंडोनेशियन बोलत. ती मुले माझ्याकडे त्यांच्या आजोबांसारखी पाहत आणि काम पुढे सरकत नसे. मग जेवणाच्या वेळी एका मुलीकडून तेतुम शिकू लागलो. जनेला, मेझा, शावी, एस्कोला: आमच्या घरातले जनेल (खिडकी), मेज, चावी, इस्कोलच की! पहिल्या दिवशी इतके हसलो दोघे.

बाई, तुम्ही जुबा-अरबीचे शंभर शब्द इथूनच पाठ करून जा. पाणी, झडप, थांब, उघड, कोण, का.

पंपवाली (सकाळी ११.१०)

मी डिचोलीची, ३२ वर्षांची. युगांडाच्या उत्तरेला बिडी बिडीत दोन वर्षं काम केलं. दक्षिण सुदानातून पळून आलेलीच माणसं तिथे आहेत, म्हणून लिहिते. थोडं कडू लिहीन.

मी पोचले तेव्हा आमच्या भागात अकरा हातपंप बंद होते. प्रत्येकाजवळ लोखंडी पाटी, कुणी दिला त्याची. पंप कुठले? आपलेच. इंडिया मार्क टू, तिथे यू-टू म्हणतात. ज्याचा मूळ पुरुष सोलापूरचा पंप! मला केवढा आनंद झाला होता. पण वॉशर झिजलेले, साखळ्या तुटलेल्या, आणि सुटे भाग शंभर किलोमीटरवर. तीन-तीन महिन्यांनी नवा स्वयंसेवक यायचा, नवा नकाशा काढायचा, जायचा. निर्वासितांत एक माणूस होता, येई नदीकाठचा, आधी सरकारी बोअरवेल मेकॅनिक. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, कारण त्याची प्रमाणपत्रं घरासोबत जळली होती. त्याने माझ्यासमोर चार तासांत पंप वर काढून बसवला. पुढे माझं खरं काम झालं त्याला अवजारं, सायकल आणि नियमित मानधन मिळवून देणं. त्याने सहा जण तयार केले. मी निघाले तेव्हा अकरापैकी नऊ चालू होते आणि त्यातला एकही मी दुरुस्त केलेला नव्हता.

म्हणून ताई, तुम्ही पंपाला हात लावायला जाणार असाल तर जाऊ नका. तिथे हात आहेत. तुमच्याजवळ डोस ठरवण्याची नजर आहे, गढूळपणा किती असला की तुरटी किती, नळाच्या टोकाला क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली का गेलं. ती नजर चार जणांना देऊन येणार असाल तर जरूर जा.

सत्तरीकर (दुपारी १.३०)

@पंपवाली, हे पटलं. माझा विरोध पूर्ण मावळला नाही, पण कोण कुठे जातो यापेक्षा मागे काय चालू राहतं, हे मी आमच्या टँकरबद्दलही विचारायला हवं. ताई, रविवार पक्का. आई मुगागाठी करणार आहे.

पॉलिसीवाला (दुपारी ३.०५)

मी विम्यात आहे, म्हणून कोरडं पण कामाचं.

साधा प्रवास विमा युद्धाला लागू नसतो, अपवादाचं कलम वाचा. संस्थेने वेगळा विमा काढलाय का, त्यात युद्धप्रसंग, जखमी झाल्यास विमानाने हलवणं आणि कायमचं अपंगत्व आहे का, हे कागदावर बघा. तुमच्या जुन्या आयुर्विमा कंपनीलाही लेखी कळवा. शिवाय आपल्या सरकारच्या सूचना तपासा. येमेनला तर २०१७ पासून भारतीय पासपोर्टवर जायलाच बंदी आहे.

एक मनातलं. तुमच्यासारखी शिकलेली व्यक्ती जाते तेव्हा विमा, प्रशिक्षण, रेडिओ, बाहेर काढायची योजना असते. त्याच देशांत आपले गवंडी, फिटर, वेल्डर एजंटाला पैसे देऊन जातात. २०१४ मध्ये मोसुलला ४० जण पकडले गेले, बहुतेक पंजाबचे बांधकाम मजूर. एक निसटला, बाकीचे ३९ मेले हे घरच्यांना २०१८ मध्ये कळलं. चार वर्षं! दक्षिण सुदान हा उत्प्रवासन परवानगी लागणाऱ्या देशांत आहे, दहावी न झालेल्या कामगाराने परवानगीशिवाय जाऊ नये, आणि तिच्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचं १० लाखांचं संरक्षण मिळतं. तुमच्या टाकीचा पाया खणणाऱ्यांत कुणी आपल्याकडचा दिसला तर त्याला कागद विचारा. त्याच्यासाठी कुणी धागा काढत नाही.

वाहतं पाणी (पुढच्या मंगळवारी, रात्री १०.४०)

सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमलं नाही, माफ करा. सगळं दोनदा वाचलं, घरी मोठ्याने वाचून दाखवलं.

रविवारी सत्तरीत जाऊन आले. एक झरा मिनिटाला नऊ लिटर देतो, म्हणजे दिवसाला तेरा हजार लिटरच्या आसपास, आणि तो ओहोळात वाहून जातोय. साठवण टाकी बांधली तर वाड्याचा टँकर बंद होईल. आराखडा माझा, पंचायतीचा पाठपुरावा सत्तरीकरांचा. हे मी जाण्याआधी करणार.

हो, जाणार आहे. पण अटी घातल्या. संस्थेला लिहिलं की माझं काम यंत्र चालवणं नसेल, चालवणाऱ्या स्थानिकांना तयार करणं असेल, आणि त्यांची नावं नि पगार मला आधी कळवा. दोन दिवसांनी पाच नावं आली. त्यातल्या एकीने २०१३ च्या आधी शहराच्या जुन्या जलशुद्धीकरण केंद्रात काम केलंय. बाहेर काढायची योजना आली, पाईंना सांगा: मलकालहून हेलिकॉप्टर, ते न उडाल्यास नदीने बोट, निर्णय तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याचा, मला नकार द्यायचा हक्क कधीही. रात्री दीड वाजता नंबर लावून पाहिला, मीनल. दुसऱ्या रिंगला उचलला. पुण्याला रेडआर इंडियाकडे अशा कामाचं प्रशिक्षण असतं, तिथे नाव घातलंय.

मुलगा अजून नाराज आहे. ते तसंच राहील काही दिवस.

सासूबाईंना विचारायला मी सर्वांत जास्त घाबरत होते. त्या १९६१ च्या डिसेंबरात सतरा वर्षांच्या होत्या, बाणस्तारीजवळ माहेर. पोर्तुगिजांनी माघार घेताना पूल उडवला तो आवाज त्यांना आठवतो. आजारी आजीला होडीतून पार नेलं होतं, नावाड्याने पैसे घेतले नाहीत. त्या नावाड्याचं नाव त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. मग म्हणाल्या, "वच गो. पूण फोन करीत राव." (जा गं, पण फोन करत राहा.) आणि लगेच विचारलं, तिथे मासळी मिळते का.

एक शंका उरलीय. पिवळ्या तापाची लस कुठे मिळेल?

बांबोळीचा भूलतज्ज्ञ (रात्री ११.१८)

नाईलची मासळी भरपूर, सासूबाईंना सांगा. लस मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात मिळते. आधी फोन करून दिवस विचारा, पासपोर्ट सोबत न्या. निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यायला हवी, तरच प्रमाणपत्र चालतं. एकदा घेतली की जन्मभर पुरते. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कावीळ, टायफॉईड आणि मलेरियाच्या गोळ्यांचं मी वेगळं लिहून पाठवतो.

तारवटी (रात्री ११.२६)

मला पण तिथूनच मिळाली होती. ताई, दिवस कळवा, मी वास्को बसस्टँडवर स्कूटर घेऊन उभा राहतो. पाय पण येणार म्हणतोय, त्याला तुम्हाला बघायचंय.